आधी अंदाज, मग उत्तर: रोजच्या जगण्यात कुतूहल जोपासण्याची एक रीत

काही वर्षांपूर्वी मी एक दोनशे पानी वही आणली आणि दिवसभरात पडलेले प्रश्न रात्री तिच्यात उतरवायचे, असा नेम धरला. पहिल्या आठवड्यात चाळीसेक प्रश्न जमले. प्रश्न लिहून झाला की मी मोबाइल उचलत असे, उत्तर वाचत असे आणि प्रश्नापुढे बरोबरची खूण करून पुढच्या प्रश्नाकडे वळत असे. महिनाभराने वही उघडली तेव्हा त्या चाळीसपैकी तीन-चार उत्तरेही धड आठवेनात. त्याहून वाईट म्हणजे, ज्या वस्तूंविषयी ते प्रश्न पडले होते त्यांच्याकडे पुन्हा वळून पाहावेसेही वाटत नव्हते. उत्तर इतक्या स्वस्तात मिळाले होते की त्यात माझे काही गुंतलेच नव्हते.

पुढे त्याच वहीत मी एक बदल केला. प्रश्नाखाली आधी स्वतःचा अंदाज लिहायचा, तसे का वाटते तेही एका ओळीत लिहायचे आणि एवढे झाल्याखेरीज कोणाला विचारायचे नाही की कुठे शोधायचे नाही. अंदाज लिहून ठेवणे म्हणजे त्या प्रश्नावर पैज लावणेच असते. पैज हरलो की चुटपुट लागते आणि त्या चुटपुटीपायी दुसऱ्या दिवशी आपण आपसूक त्याच वस्तूपाशी जाऊन उभे राहतो. कुतूहल वाढवण्याचे उपाय पुष्कळ सांगितले जातात. मला उपयोगी पडलेला उपाय हा एवढाच, म्हणून पुढचे सर्व विवेचन त्याच्याच अनुषंगाने केले आहे.

वही आणि प्रश्नाची निवड

वही साधी असावी. डाव्या पानावर तारीख, प्रश्न, अंदाज आणि अंदाजाचे कारण लिहावे. उजवे पान पूर्ण कोरे सोडावे. ते भरायला कधी एक दिवस लागतो, कधी वर्ष. आठवड्याला एक प्रश्न पुरे, कारण आपल्याला प्रश्नांची संख्या वाढवायची नसून एका प्रश्नापाशी थांबायची सवय लावायची आहे. अंदाज खोडायचा नाही, हा एक नियम मात्र कसोशीने पाळावा. उत्तर कळल्यावर ‘मला हे आधीपासून ठाऊकच होते’ असे मन सांगू लागते आणि त्या वेळी शाईत लिहिलेली चुकीची ओळ फार उपयोगी पडते.

प्रश्न असा घ्यावा की ज्याची शहानिशा आपल्या हाताने, आपल्या घरात किंवा रोजच्या वाटेवर करता येईल. ‘काळ म्हणजे काय’ हा प्रश्न थोर आहे, पण त्यावर अंदाज लिहिता येत नाही आणि चूकही सापडत नाही. याउलट ‘बंद टीव्ही महिन्याला किती वीज खातो’ या प्रश्नाचे उत्तर आकड्यात येते आणि ते जिन्याखालच्या मीटरवर जाऊन पडताळता येते. प्रश्नच सुचत नसतील तर एक सोपी युक्ती आहे: रोज हाताळतो ती एखादी वस्तू न पाहता कागदावर काढून पाहावी. सायकल, नळ, कडी-कोयंडा, गॅसची शेगडी, काहीही चालेल. सायकलची साखळी नेमकी कुठून कुठे जाते, पुढच्या चाकाला आणि सीटला जोडणाऱ्या नळ्या कशा बसवलेल्या असतात, हे काढताना बहुतेकांचा हात अडतो. जिथे हात अडला तिथे प्रश्न आहे.

एक प्रश्न सविस्तर: दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो का?

माझ्या वहीतल्या सर्वांत लांबलेल्या प्रश्नाची हकीकत इथे तपशिलाने सांगतो, कारण एका प्रश्नातून दुसरा कसा फुटतो हे तिच्यात चांगले दिसते. प्रश्न वरचाच. माझा अंदाज होता, ‘होय, बरोबर बाराला, घड्याळ सूर्यावरूनच तर बेतलेले आहे.’

पडताळणीला लागणारे सामान घरचेच आहे. गच्चीवर सपाट जागा पाहून वाळूने भरलेल्या बादलीत एक सरळ काठी रोवावी आणि तिचे टोक गच्चीच्या लादीपासून एक मीटर उंच राहील असे पाहावे. काठी उभी आहे की कललेली, हे गवंड्याच्या ओळंब्याने तपासावे. ओळंबा नसेल तर दोरीला कुलूप बांधले तरी काम भागते. मग सावलीच्या टोकापाशी दर पाच मिनिटांनी खडूने खूण करून शेजारी वेळ लिहावी. सावली सर्वांत आखूड असते तो क्षण म्हणजे त्या गावाची खरी दुपार.

इथे एक अडचण येते आणि ती आधी सांगून ठेवलेली बरी. माध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी इतकी हळू बदलते की सर्वांत आखूड सावली कोणती, हे डोळ्यांना ठरवता येत नाही. यावर तोडगा जुना आहे. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषात अशा उभ्या काठीला शंकू म्हणत. शंकूभोवती एक वर्तुळ काढायचे, सकाळी आखूड होत जाणाऱ्या सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरते ती वेळ टिपायची आणि दुपारी ते पुन्हा बाहेर पडते ती वेळ टिपायची. दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे माध्यान्ह. वर्तुळावरच्या त्या दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम असते, म्हणजे होकायंत्राशिवाय दिशाही मिळाल्या. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला मी काठीभोवती तीस सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले होते. टोक ११ वाजून २० मिनिटांनी आत आले आणि १ वाजून ४१ मिनिटांनी बाहेर गेले. मध्य निघाला साडेबारा. अंदाज अर्ध्या तासाने चुकला होता.

मोबाइलकडे वळलो ते त्यानंतर, आणि तेव्हा मिळालेले उत्तर आजही जसेच्या तसे आठवते. आपली सर्व घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. हा रेखांश उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जातो. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात आणि पुणे त्या रेखांशाच्या सुमारे साडेआठ अंश पश्चिमेला आहे, म्हणून पुण्याची दुपार पस्तीसेक मिनिटे उशिरा होते. वरचा चार मिनिटांचा फरक दुसऱ्या कारणाचा, तो पुढे येईलच. त्याच दिवसांत मुंबईची दुपार १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास होते, तर नागपूरची १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, तरी मुंबईत तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकून होती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील मुंबईकरांना दोन्ही वेळांचा हिशेब ठेवावा लागत असणार, हा विचार गच्चीवर घाम पुसताना सुचला, आणि तोही मी उजव्या पानावर लिहून ठेवला.

खरी गंमत पुढे आहे. मे महिन्याच्या त्या दिवशी साडेबाराला सावली नाहीशीच झाली होती. काठीची सावली काठीच्याच पायाशी गोळा झाली होती. ‘असे रोज होत नाही, मग कधी होते?’ हा पुढचा प्रश्न झाला. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे राज्यातल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य थेट माथ्यावर येतो. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३ मेच्या आसपास, मुंबईत १५ मेच्या आसपास आणि नागपुरात २६ मेच्या आसपास हा दिवस येतो. दुसरी खेप जुलै-ऑगस्टमध्ये असते, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात एक मीटर काठीची माध्यान्हीची सावली सुमारे नव्वद सेंटिमीटर उत्तरेकडे पडते, हे अपेक्षित होते. पण २१ जूनच्या सुमारास तीच सावली आठ-नऊ सेंटिमीटर दक्षिणेकडे पडते, हे मला अजिबात अपेक्षित नव्हते. ‘दुपारची सावली कायम उत्तरेला’ असा माझा दुसरा अंदाज त्याच वहीत आहे, आणि तोही चूक.

तिसरा धागा घड्याळाचाच निघाला. पुण्यात फेब्रुवारीच्या मध्याला माध्यान्ह १२ वाजून ४९ मिनिटांच्या सुमारास येतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास, म्हणजे एकाच गावात अर्ध्या तासाचा फरक. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, या दोहोंचा हा परिणाम. मेमध्ये पुण्याची दुपार पस्तीसऐवजी एकतीस मिनिटांवर आली तीही यामुळेच. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो असे शाळेत शिकलेले असूनही जानेवारीच्या मध्यापर्यंत सकाळी उठताना बाहेर अंधार वाढतच का जातो, हे कोडे त्यातून सुटले. ते कोडे मला पडले होते, पण तो प्रश्न आहे असे कधी वाटले नव्हते. एका काठीने चार महिने पुरतील एवढे काम दिले, म्हणून वहीची सुरुवात करणाऱ्यांना मी हाच प्रश्न सुचवतो. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, टोपी घालायची आणि पाण्याची बाटली सोबत ठेवायची, एवढे पथ्य पुरे.

घरातल्या घरात

उन्हात उभे राहायचे नसेल तर विजेचा मीटर आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहानसा लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हा आकडा मीटरच्या पाटीवर छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. एका युनिटात छत्तीस लाख वॅट-सेकंद असतात, त्यांना ३२००ने भागले की ११२५ येतात. या संख्येला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागले की त्या क्षणी घरात किती वॅट वीज चालू आहे ते कळते. फ्रीजसह सर्व उपकरणे बंद करून फक्त वायफाय आणि ‘बंद’ केलेला सेट-टॉप बॉक्स चालू ठेवला. माझा अंदाज होता, दोन-तीन वॅट. पाच लुकलुकींना ४ मिनिटे ४० सेकंद लागली, म्हणजे एकीला ५६ सेकंद, म्हणजे वीस वॅट, म्हणजे महिन्याला चौदा युनिटांच्या वर. त्या रात्रीपासून सेट-टॉप बॉक्सचे बटण भिंतीवरच बंद होते, ते वीज वाचवा अशा उपदेशाने होत नव्हते. पाटीवरचा आकडा वेगळा असेल तर छत्तीस लाखांना त्या आकड्याने भागावे आणि ११२५ऐवजी ती संख्या वापरावी.

स्वयंपाकघरातला प्रश्न हळदीचा. पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा डाग पडतो, त्यावर साबण लावला की तो पिवळा डाग एकदम लालसर होतो. घरातल्या चौघांनी चार अंदाज लिहिले. त्यातला एक ‘साबणात रंग असतो’ असा होता. मग तीन वाट्यांत हळदीचे पाणी घेतले. एकीत लिंबू पिळले, एकीत धुण्याचा सोडा घातला, एकीत पानाच्या डब्यातला बोटभर चुना कालवला. लिंबाचे पाणी पिवळेच राहिले, बाकी दोन्ही लाल झाली, आणि लाल पाण्यात लिंबू पिळताच ते पुन्हा पिवळे झाले. हळदीतले कर्क्युमिन हे द्रव्य अल्कलीत लाल होते आणि आम्लात पिवळ्यावर येते. तो डाग उन्हात वाळत घातला की फिकट होतो, कारण कर्क्युमिन प्रकाशाने नासते. धुणे उन्हात टाकणाऱ्या आईला हे कारण ठाऊक नव्हते, परिणाम मात्र पक्का ठाऊक होता.

भिंतीवरच्या पंचांगातही एक प्रश्न टांगलेला असतो. पावसाळी नक्षत्रांपुढे वाहन दिलेले असते: बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, कोल्हा, गाढव. हे कोण ठरवते? आभाळाची काही लक्षणे पाहून कोणी जाणकार ठरवत असावा, असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात तो भागाकार आहे. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकीवरून वाहन काढायचे. सत्तावीस नक्षत्रांत वर्ष वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला साडेतेरा दिवस येतात, हे तर कोणालाही तोंडी करता येते. या हिशेबात ढगांचा संबंध कुठेही येत नाही, त्यामुळे त्यावर पेरणी ठरवू नये असे माझे मत आहे. पण बेडकाच्या चित्रामागे बाकी दडलेली आहे हे कळल्यापासून पंचांग मी जास्त आवडीने वाचतो.

शब्द आणि आकडे

प्रवासात किंवा रांगेत उभे असताना शब्दांचा प्रश्न सोयीचा असतो, कारण त्याला काठी लागत नाही की बादली लागत नाही. बटाटा, चावी, घमेले, पगार आणि तूप यांपैकी कोणता शब्द कुठून आला असेल, यावर आधी अंदाज लिहावा. पहिले चार पोर्तुगिजांकडून आले आणि तूप कन्नडमधून. माझे यातले दोन चुकले होते. पडताळणीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश चांगला. त्याची पहिली आवृत्ती १८३१ची आणि सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ची आहे, म्हणून त्या काळी शब्द कसा वापरत हेही कळते. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा कोश पाहावा. गावांच्या नावांबाबत मात्र जपून राहावे. प्रत्येक गावात नावामागची एक राजाची किंवा ऋषीची गोष्ट तयार असते; ती जरूर ऐकावी, पण वहीत ती अंदाजाच्या पानावर लिहावी. वडगाव आणि पिंपळगाव यांना राजा लागत नाही.

पत्त्याखालचा पिनकोडही असाच. तो १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला आणि त्याच्या रचनेचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याकडे जाते, जे संस्कृत कवीही होते. पहिला आकडा विभागाचा, आणि ९ हा लष्करी टपालासाठी राखलेला. पुण्याचा ४११, मुंबईचा ४०० आणि गोव्याचा ४०३ एकाच आकड्याने का सुरू होतात, एवढे अंदाजाला पुरेसे आहे.

माणसांना विचारताना

वस्तूंपेक्षा माणसांना विचारणे अवघड, कारण चौकसपणा आणि भोचकपणा यांच्यात फार अंतर नसते. माझ्यापुरता नियम असा: माणसाच्या कामाविषयी विचारावे, कमाईविषयी आणि घराविषयी नाही, ‘का’ने सुरू होणारा प्रश्न टाळावा, कारण त्यात जाब विचारल्याचा सूर येतो, आणि ‘कसे ओळखता’ असे विचारावे. हाताने काम करणाऱ्या माणसाला सहसा ‘कसे ओळखता’ असे कोणी विचारलेले नसते.

आमच्या गल्लीत एक कल्हईवाले चाचा वर्षातून एकदा येतात. पितळी पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते, म्हणून आतून कथलाचा लेप द्यायचा, एवढे सर्वांना माहीत असते. मी तिथेच उभा राहून वहीत लिहिले: ‘भांडे पुरेसे तापले हे रंगावरून ओळखत असावेत.’ मग विचारले, “चाचा, भांडं तापलं हे कसं ओळखता?”

त्यांनी भाता थांबवला नाही. “कथलाची कांडी टेकवायची. पळाली की तापलं.”

कांडी टेकवली तशी ती खरोखर पाऱ्यासारखी पळाली. नवसागराची चिमूट पडताच पांढरा धूर उठला आणि कापसाच्या बोळ्याच्या दोन फेऱ्यांत काळपट तळ चांदीसारखा झाला. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि पितळ त्याच्या कितीतरी वर, म्हणून कांडी हेच त्यांचे तापमापक. नवसागर तापलेल्या धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो, नाहीतर कथील धरत नाही. हे आकडे आणि ही कारणे मी घरी येऊन शोधली, पण ‘पळाली की तापलं’ हे कुठेही लिहिलेले सापडले नसते. काम चालू असताना विचारले, उत्तर मिळाल्यावर लगेच दुसरा प्रश्न टाकला नाही आणि आपलीही दोन भांडी कल्हईला दिली, या तीन गोष्टी तिथे उपयोगी पडल्या असाव्यात. फुकट माहिती काढणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

मुलांच्या बाबतीत एक सावधगिरी सांगायला हवी. मुलाने ‘का’ विचारले की ‘तुला काय वाटते?’ असे उलट विचारावे, हा सल्ला चांगला आहे, पण विचारून झाल्यावर खरोखर थांबून ऐकायची तयारी असेल तरच. माझ्या भाच्याने तिसऱ्यांदा हा प्रश्न ऐकल्यावर शांतपणे विचारले होते, “मामा, तुला माहीत नाहीये का?” तेव्हापासून आम्ही दोघेही एकाच पानावर आपापला अंदाज लिहितो. तो बऱ्याचदा जिंकतो.

वहीत खंड पडतो. कधी दोन-दोन महिने पान हलत नाही. त्याची भरपाई म्हणून एका रविवारी दहा प्रश्न लिहू नयेत, जिथे थांबलो होतो तो जुना प्रश्न पुढे न्यावा. काही उजवी पाने कोरीच राहतात आणि त्यांना तसेच राहू द्यावे. पुण्यात सूर्य दुसऱ्यांदा माथ्यावर येतो तो ३० जुलैच्या सुमारास. माझ्या वहीत त्या तारखेसमोर तीन वर्षे एकच शब्द आहे, ‘ढगाळ’. बादली मात्र मी दरवर्षी त्या दिवशी सव्वाबाराला गच्चीवर नेऊन ठेवतो.